परसातला पॉपकॉर्नचा मका नीट फुटतच नाहीये, काय चुकलं?

परसातली_वाई:
नमस्कार मंडळी, घरामागे अर्धा गुंठा जागा आहे तिथे जूनच्या शेवटी अंबर पॉपकॉर्नचं बी टोकलं होतं. लष्करी अळी आली, पोंग्यात राख-माती टाकून आणि रोज सकाळी हाताने वेचून कशीबशी आवरली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कणसं काढली, चार दिवस उन्हात टाकली, थोडी सोलली आणि पोरं कढईभोवती जमली. पण फुटले म्हणावं तर फुटले नाहीत, दाण्याला चीर जाऊन जरासं पांढरं बाहेर आलंय तेवढंच, चावायला चामड्यासारखे. बाकीचे गणंग. सासूबाई म्हणतात त्यापेक्षा ज्वारीच्या लाह्या केल्या असत्या. बी खराब निघालं का? सात-आठ किलो होईल एवढी कणसं अजून पडून आहेत.

बांधावरचा:
ताई, बी चांगलंय, घाई तुमची झाली. दाण्यात जे पाणी असतं त्याचीच वाफ होऊन लाही फुटते, १८० अंशाच्या आसपास तापला की आतला दाब बाहेरच्या हवेच्या नऊपट होतो तेव्हा कुठे टरफल तडकतं. ओलावा लागतो साडेतेरा-चौदा टक्के. पाऊस संपता संपता काढलेल्या कणसात त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त असतो, चार दिवसात काय होणार. जास्त ओल असली की टरफल मऊ पडतं, पूर्ण दाब धरायच्या आधीच फाटतं, म्हणून तुम्हाला ते चिवट बोंडूक मिळालं.

गच्ची_नं_२:
ओव्हनमध्ये तासभर ठेवून वाळवलं तर चालेल ना? तेवढं थांबायचा पेशन्स कुणाला आहे :)

बांधावरचा:
अजिबात नको. बाहेरून कडक होतो, बारीक तडे जातात, आणि तडा गेला की वाफ तिथूनच निसटते मग कितीही तापवा. सोलताना सुद्धा सुरीने खरवडू नका, दोन कणसं एकमेकांवर घासा, वाळलेलं असेल तर दाणे आपोआप गळतात. पिळून पण सुटत नसतील तर अजून ओलंच आहे समजा.

कोल्हापुरी_मळा:
माझी पद्धत सांगतो. साल मागे ओढून तिचीच वेणी घालायची आणि पडवीत टांगायचं, वारा लागला पाहिजे, थेट ऊन नको. उंदरांपासून लांब, आमच्याकडे एका वर्षी घुशीने निम्मी वेणी नेली. दर रविवारी वेगवेगळ्या कणसातले मोजून ५० दाणे काढायचे आणि तेवढेच फोडायचे, किती फुटले ते कॅलेंडरवर लिहायचं. आकडा वाढत असेपर्यंत टांगलेलंच राहू द्या, वाढायचा थांबला की त्याच दिवशी सगळं सोलून काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून बंद. तसंच टांगून ठेवलं तर जास्त वाळतं आणि परत गणंग वाढतात. तसं झालंच तर किलोला एक मोठा चमचा पाणी घालून बरणी हलवायची, तीन-चार दिवस रोज हलवत राहायची, मग परत बघायचं.
आणि पुढच्या वेळी दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसल्याशिवाय कणीस तोडू नका.

गच्ची_नं_२:
माझ्याकडे ड्रम आहेत, कठड्याला एका ओळीत १२ रोपं लावली होती, कणसं आली पण बोळक्या तोंडासारखी, चार दाणे इकडे चार तिकडे.

कोल्हापुरी_मळा:
एका ओळीत लावल्यामुळे झालं ते. मक्याचे पराग वाऱ्याने पडतात, शेंड्यावरच्या तुऱ्यातून खाली कणसाच्या केसरावर (टोकाला लोंबतात ते रेशमी केस), आणि प्रत्येक केसराचा एक दाणा. ओळीत लावलं की सगळं गच्चीबाहेर उडून जातं. तीन बाय चार असे ड्रम जवळ जवळ ठेवा आणि सकाळी तुरे हलवा.

परसातली_वाई:
अच्छा वाऱ्यावरून आठवलं, शेजारच्या काकूंचा स्वीटकॉर्न यंदा गोडच झाला नाही म्हणून त्या वैतागल्यात, ते माझ्यामुळे तर नाही ना??

बांधावरचा:
हो ताई, बहुतेक तुमच्यामुळेच :D दोघांना एकदमच तुरा आला असणार. पॉपकॉर्नचा पराग स्वीटकॉर्नच्या केसरावर पडला की तो दाणा त्याच हंगामात पिठूळ होतो. तुमच्या दोघींच्या पेरणीत तीन-चार आठवड्यांचं अंतर ठेवा.

परसातली_वाई:
अपडेट द्यायला आले. टांगलं होतं. पहिल्या रविवारी ५० पैकी १९, मग ३१, मग ४४, आणि काल परत ४४ म्हणून सगळं सोललं, बोटांची सालं निघाली. साडेसहा किलो भरलं. आधी सोललेले दाणे खिडकीत उन्हात राहिले होते ते जास्तच वाळले, त्यांच्यावर आता चमचाभर पाण्याचा प्रयोग चालू आहे. लाह्या दुकानातल्यापेक्षा लहान होतात पण चव भारी, सासूबाईंनी स्वतः मागून घेतल्या. आता नोव्हेंबरात परत लावू का?

कोल्हापुरी_मळा:
पाणी असेल तर लावा, कणसाला बुरशीची भीती कमी. फक्त काढणी फेब्रुवारी-मार्चला येईल, तेव्हाची हवा कोरडी, महिनाभर टांगून बसू नका, पहिल्या आठवड्यापासूनच ५० दाणे मोजायला घ्या.

परसातली_वाई:
ओके. काकू कधी लावतायत ते आधी विचारून येते, जाताना एक बरणी पण नेते.