पशुवैद्यक घडवलं कुणी, लढाईने की गोठ्याने?

पागेदार: पशुवैद्यक म्हणजे भूतदयेचं शास्त्र, असं आपण समजून चालतो. मला ते पटत नाही. घोडा हे लढाईचं यंत्र होतं आणि पशुवैद्य त्याचा मेकॅनिक. आपल्याकडच्या प्राचीन पशुवैद्यांत शालिहोत्राचं नाव घोड्यांशी जोडलेलं, पालकाप्याचं हत्तींशी. दोन्ही जनावरं राजाच्या फौजेतली. १७६१ मध्ये फ्रान्समधल्या ल्यों इथे पशुवैद्यकाची पहिली शाळा उभी करणारा क्लोद बूर्जला हा घोडेस्वारीच्या अकादमीचा प्रमुख. बैलाला विचारत होतं कोण?

गोठेकर: अर्धीच गोष्ट सांगितलीत. बूर्जला घोड्यांचा माणूस, पण सरकारला शाळा हवी होती ती बुळकांडीमुळे, म्हणजे गुरांच्या जीवघेण्या साथीमुळे. त्या शतकात युरोपभर गुरं मरत होती. शाळा निघायच्या कितीतरी आधी पोपचा वैद्य लान्चिसी सांगत होता, लागण झालेली गुरं मारा आणि पुरून टाका. लंडनच्या पशुवैद्यक कॉलेजमागे (१७९१) इंग्लंडमधल्याच ओडिहॅम गावच्या शेतकी मंडळाचा रेटा होता. ब्रिटनमध्ये सरकारी पशुवैद्यक खातं आलं तेही १८६५ च्या बुळकांडीनंतर. २०११ मध्ये ती जगातून संपल्याचं जाहीर झालं. देवीनंतर असा हा दुसराच रोग. यात लढाई दाखवा बरं.

पागेदार: ओडिहॅम मान्य. पण पुढचं? पहिला प्राचार्य सेंबेल दोनच वर्षांत वारला. मग आला एडवर्ड कोलमन, मुळात माणसांचा सर्जन. १७९६ पासून घोडदळासाठी पशुवैद्य नेमायला लागले आणि कॉलेज घोड्यांचंच होऊन बसलं. शेतकऱ्यांनी पाया खणला, वर पागा बांधली.



टांगेवाला: पागेदार, फौजेला हे शास्त्र एवढं हवं होतं तर दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) काय झालं? ब्रिटिशांचे सव्वातीन लाखांच्या आसपास घोडे गेले, आणि गोळीने मेलेले त्यात थोडेच. बोटीतून उतरवलेल्या घोड्याला ना विसावा, ना हवा मानवायला वेळ. पोटाला पुरेसा चारा नाही, पाठीवर स्वार मात्र कायम. पशुवैद्य होते, पण त्यांचं ऐकतो कोण! एवढं हातचं गेल्यावर १९०३ मध्ये फौजेत पशुवैद्यांची स्वतंत्र कोअर, म्हणजे दल, आली. पहिल्या महायुद्धात म्हणून तर फिरती पथकं आणि घोड्यांची मोठी हॉस्पिटलं दिसतात, ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग हुडकायला मॅलीन टोचून चाचणी होते. तरी सगळ्या बाजूंची मिळून सुमारे ८० लाख जनावरं मेली असं मानतात.

पागेदार: मग मी वेगळं काय म्हणतोय? घोडे गमावले, तेव्हा शास्त्र आलं.

टांगेवाला: घोडे नव्हे हो, पैसे गमावले. बरा केलेला घोडा नव्यापेक्षा स्वस्त पडतो, एवढाच हिशोब. महायुद्ध संपल्यावर त्यांतले बरेच घोडे इजिप्तमध्ये विकून टाकले. १९३० मध्ये डोरोथी ब्रूक नावाच्या इंग्रज बाई कैरोत आल्या तेव्हा त्यांतले काही म्हातारे, हाडांचे सापळे झालेले, अजून गाड्या ओढत होते. त्या बाईंनी वर्गणी गोळा करून त्यांना विकत घेतलं, १९३४ मध्ये दवाखाना काढला. हा दवाखाना तुमच्या मेकॅनिकच्या खात्यात कसा मांडणार?

गोठेकर: माझ्याही नाही मांडता येणार. गोठ्यातला हिशोबही दुधाचा आणि नांगराचाच होता.