८५० नॅनोमीटरचा दिवा गुडघ्यावर: पेशींवर परिणाम की नुसता शेक?

निशिगंध:
आईच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झाली असून शेक घेतल्यावर तिला तेवढ्यापुरते बरे वाटते. एका नातेवाइकांनी ६६० आणि ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचे एलईडी असलेले पॅनेल सुचवले आहे. त्याच्या पत्रकात ‘पेशींना थेट ऊर्जा मिळते’ असे लिहिले आहे. ८५० चे दिवे लागले तरी डोळ्यांना जेमतेम लालसर ठिपके दिसतात आणि तोच प्रकाश सर्वांत खोल जातो म्हणे. यात तथ्य किती आणि गरम पाण्याच्या पिशवीपेक्षा यात वेगळे काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

लोलक:
हा नुसता शेक नव्हे, मात्र पत्रकातील वाक्यही जसेच्या तसे स्वीकारू नये. १९६७ साली बुडापेस्टमध्ये एंद्रे मेस्टर यांनी लेझरमुळे कर्करोग होतो का हे पाहण्यासाठी भादरलेल्या उंदरांवर रुबी लेझरचा मंद झोत सोडला, तेव्हा कर्करोग झाला नाहीच, उलट त्या जागी केस लवकर उगवले. पुढे तीना कारू या संशोधिकेने मायटोकॉन्ड्रियामधील (पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातील) सायटोक्रोम-सी ऑक्सिडेज या एन्झाइमकडे लक्ष वेधले. त्यातील तांब्याची केंद्रे लाल आणि निकट-अवरक्त (लाल रंगाच्या लगतचा, डोळ्यांना जेमतेम किंवा मुळीच न दिसणारा) प्रकाश शोषतात. त्यामुळे या एन्झाइमला चिकटून त्याचे काम रोखणारा नायट्रिक ऑक्साइड सुटतो, पेशीचे श्वसन वेगाने चालते आणि एटीपी हे पेशीचे इंधन वाढते, अशी ही मांडणी आहे. ती सर्वमान्य नाही, कारण हे एन्झाइम नसलेल्या पेशीही ६६० नॅनोमीटरच्या प्रकाशात जोमाने वाढल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले आहे.

खोलीबद्दल म्हणाल, तर लाल ते निकट-अवरक्त या पट्ट्यात रक्तातील हिमोग्लोबिन आणि त्वचेतील रंगद्रव्य मेलॅनिन प्रकाश कमी शोषतात आणि पाण्याचे शोषणही ९७० नॅनोमीटरच्या आसपास येईपर्यंत फारसे आड येत नाही, म्हणून दृश्य प्रकाशापेक्षा तो खोल जातो. तरीही ऊतींमध्ये तो इतका विखुरतो की काही मिलिमीटरांतच त्याची तीव्रता झपाट्याने घटते. गुडघ्याच्या सांध्यापर्यंत पोहोचतो तो त्याचा अल्प अंश.

मुखरोग:
मी कर्करुग्णांच्या तोंडाच्या विकारांवर काम करतो, म्हणून थोडी भर घालतो. या उपचाराचा भक्कम पुरावा गुडघ्यात नसून तोंडात आहे. डोके-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेणाऱ्यांचे तोंड आतून सोलवटते आणि रुग्णाला पेज गिळणेही नकोसे होते. अशा वेळी हा प्रकाश प्रतिबंधासाठी वापरावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आहे. मंगळूरमध्ये झालेल्या आणि २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६३२.८ नॅनोमीटरच्या लाल लेझरने हा त्रास कमी झाला होता. तोंडाचे अस्तर अगदी पृष्ठभागावर असते आणि मात्राही मोजून देता येते, हे यशाचे कारण असावे असे मला वाटते. याउलट पक्षाघातात कवटीवरून ८०८ नॅनोमीटरचा झोत देण्याची तिसरी मोठी चाचणी उपयोग होत नसल्याचे दिसल्याने मध्येच थांबवावी लागली.

निशिगंध:
मग रोज अर्धा तास लावला तर खोलीची कसर भरून निघेल का?

लोलक:
भरून निघेलच असे नाही. इथे मात्रा वाढवत गेल्यास परिणाम आधी वाढतो, नंतर ओसरतो आणि पुढे उलटाही होतो. पेशींवरील पुष्कळ प्रयोगांत प्रति चौरस सेंटिमीटर १ ते १० ज्यूल ऊर्जा वापरलेली दिसते. समजा, पॅनेलची तीव्रता खरोखरच प्रति चौरस सेंटिमीटर १०० मिलिवॉट असेल, तर अर्ध्या तासात त्वचेवर १८० ज्यूल पडतील. एवढ्याने त्वचा तापेल, गडद त्वचा अधिकच तापेल आणि मग तुम्ही विचारलेला शेकच पदरी पडेल. गुडघ्याच्या झिजेसाठी ७८५ ते ८६० नॅनोमीटरच्या लेझरने प्रत्येक बिंदूवर ४ ते ८ ज्यूल द्यावेत अशी शिफारस असून, ती पाळलेल्या चाचण्यांत वेदना कमी झाल्याचे २०१९ च्या एका एकत्रित विश्लेषणात आढळले. मात्र ते लेझर सांध्यालगत ठरावीक बिंदूंवर धरले जाते, हातभर अंतरावर ठेवलेल्या पॅनेलला ते आकडे लावता येत नाहीत. त्यामुळे पॅनेल विकत घेण्याआधी फिजिओथेरपिस्टकडे असे लेझर आहे का, हे विचारावे.

मुखरोग:
आणि पॅनेल घेतलेच, तर आईंना त्याकडे पाहू देऊ नका. ८५० चा प्रकाश फारसा दिसत नसला तरी थेट दृष्टिपटलावर पोहोचतो आणि तो झगमगत नसल्यामुळे पापणी आपोआप मिटत नाही.