मदत हवी आहे : ऑपरेशनमध्ये पित्तनलिका कापली गेली, भरपाईचा आकडा कसा मांडायचा?

नमस्कार मंडळी. बहिणीचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालं (खासगी हॉस्पिटल, पैसे भरून), त्यात पित्तनलिकाच कापली गेली आणि तिथे कोणी सांगितलंच नाही, कावीळ वाढली म्हणून दुसरीकडे नेलं तेव्हा कळलं, मग नलिका आतड्याला जोडायचं मोठं ऑपरेशन करावं लागलं. फार सोसलंय तिने.

केस पेपर लेखी अर्ज देऊन मिळवलेत, दुसऱ्या सर्जनने डिस्चार्ज कार्डवर नलिकेला इजा असं स्पष्ट लिहिलंय. पोलीस केस नको, जिल्हा ग्राहक आयोगातच जायचंय, बिल तिथल्या ५० लाखांच्या मर्यादेच्या खूप आत आहे आणि तक्रारीची दोन वर्षांची मुदतही अजून आहे, पण फार नाही.

अडलंय ते आकड्यावर. ती घरी शिवणकाम करते, पगारपत्रक नाही, आयटीआर नाही, थोडे पैसे यूपीआयने येतात बाकी रोख. वकील म्हणतात अपघात केससारखा मल्टिप्लायर (वर्षाच्या कमाईला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचं) लावू, पण कुणाल साहा केसमध्ये (पत्नीच्या मृत्यूबद्दल डॉक्टर-हॉस्पिटलवर केलेली) २०१३ ला सुप्रीम कोर्टाने तो वैद्यकीय निष्काळजीपणात जसाच्या तसा लावायला नकार दिला होता ना? शिवाय जोड पुढे अरुंद होऊ शकतो म्हणून तपासण्या चालूच राहणार.

हॉस्पिटल बिल परत करतंय, पण 'पुढे काही मागणी नाही' असं लिहून मागतंय, त्यावर सही केलेली नाही आणि करणारही नाही.

ज्यांनी अशी केस लढवलीये त्यांनी सांगा, रोखीच्या कमाईचा आणि पुढच्या उपचारांच्या खर्चाचा कोणता पुरावा आयोगाने मान्य केला?