मदत हवी आहे: ‘गो’चा भूतकाळ ‘वेन्ट’ का?

नमस्कार मंडळी, सातवीतल्या भाचीने कोंडीत पकडलंय. ‘गो’चं ‘गोड’ का नाही होत?

मूळ मला माहीत आहे. ‘वेन्ट’ हा ‘वेन्ड’ (वळणे, वाट धरणे) या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ ‘एओदे’ होता. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेन्ट’ने त्याची जागा बळकावली. आपलंही तेच की! ‘जाणे’ संस्कृत ‘या’ धातूवरून, पण ‘गेला’ आलं ‘गत’वरून, म्हणजे ‘गम्’वरून. हे सांगितल्यावर भाचीबाई जरा गप्प झाल्या.

अडलंय ते वापरात. ‘ही हॅज गॉन टू पुणे’ म्हणजे गेलाय, अजून तिकडेच आहे. ‘ही हॅज बीन टू पुणे’ म्हणजे जाऊन आलाय. एवढं जमलं. पण दूध ‘गोज सावर’, माणूस ‘गोज मॅड’, आणि स्वप्न मात्र ‘कम्स ट्रू’! बिघडलं की ‘गो’, चांगलं झालं की ‘कम’, असं तिला सांगावं का? मग ‘गो ग्रीन’चं काय करायचं?

इंग्रजी शिकवणारं कुणी असेल तर सोप्या भाषेत सांगा ना. आणि ‘जाणे–गेला’सारख्या आणखी जोड्या मराठीत कोणत्या? मला ‘येणे–आला’ एवढीच आठवतेय. परवा तोंडी परीक्षा आहे (तिची, पण घाम मला फुटलाय).