अनुभव धागा: गोष्ट ओळखीची, रंगमंच परका

परदेशात जुनं नाटक बघताना 'अरे, ही तर आपलीच गोष्ट!' किंवा 'छे, ही आपली नव्हेच' असं कधी झालंय? लिहा. परीक्षण नको.

तोक्योहून:
साहेबांनी नोह, म्हणजे जपानच्या जुन्या मुखवट्यांच्या नाटकाचं तिकीट हातात ठेवलं, नाही म्हणता येईना. नोहमध्ये पाऊल उचलायलाच मिनिट लागतं. झोपायच्या तयारीनेच गेलो. नाटक 'इक्काकु सेन्निन'. मुखवट्यातला तपस्वी, डोक्यावर एकच शिंग. त्याने नागदेवतांना गुहेत कोंडलंय, म्हणून पाऊस नाही. राजा एका सुंदरीला धाडतो. मी ताठ बसलो. अहो, हा ऋष्यशृंग! आजीच्या रामायणातला. आपल्याकडे त्याचं पाऊल अंगदेशात पडलं की पाऊस येतो, इथे त्याचं तप मोडल्यावर. ती दारू पाजते, नाचते; हाही तिच्या मागे लडखडत नाचतो आणि आडवा होतो. खडक दुभंगून नाग बाहेर! साहेबांना म्हटलं, ही आमची गोष्ट. ते म्हणाले, "हो, नाटकातच वाराणसी म्हटलंय की. आमच्या दुसऱ्या नाट्यप्रकारात, काबुकीत, मात्र तो आमचा बौद्ध भिक्षू झालाय." माझा सगळा आवेश तिथेच गळाला.

योग्याकर्ताहून:
वायांग, म्हणजे जावातला छायाबाहुल्यांचा खेळ, महाभारतावरचा, रात्रभर. द्रौपदी फक्त युधिष्ठिराची बायको, आणि शिखंडी चक्क अर्जुनाची तिरंदाज बायको. शेजारच्या जावानीज मैत्रिणीला कुजबुजले, "चुकलंय तुमचं." तिने विचारलं, "तुमच्यात सेमार, आमचा विदूषक सेवक, कुठे असतो?" नसतो म्हटल्यावर कीव करत म्हणाली, "मग तुमचंच अर्धवट."

फ्रँकफर्टहून:
तोक्योकर, उलटंही होतं. गटेच्या 'फाउस्ट' या जर्मन नाटकाच्या सुरुवातीला नाटकमंडळीचा मालक, कवी आणि विदूषक भांडतात. मला वाटलं, हा सूत्रधार इथे कुठे? नंतर कळलं, 'शाकुंतल'चं 1791 चं जर्मन भाषांतर वाचून गटे वेडावला होता.

एपिडॉरसहून, सुट्टीत:
सुमारे 14 हजार माणसं मावणारं दगडी थिएटर, भाड्याची उशी. 'अँटिगनी'. ग्रीक येत नाही, बाजूच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं पळत होती, तीही मागे पडत होती. भावाला मूठमाती द्यायची, बस, एवढ्यासाठी ती राजाशी भांडते. बाबा गेले तेव्हा विमानं बंद होती. मी फोनवर बघितलं. शेजारच्या आजी संवाद ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. मध्येच थांबून त्यांनी मला टिश्यू काढून दिला, एक स्वतःलाही घेतला.