ट्रान्सफॉर्मेटिव्ह लर्निंगला मराठीत काय म्हणायचं?

प्रौढांच्या शिकण्यावर जे संशोधन झालंय त्याचा आढावा लिहितेय, त्यात हा शब्द पानोपानी येतो. सध्या 'परिवर्तनात्मक शिक्षण' लिहिलंय पण ते वाचून समाजपरिवर्तनाची चळवळच डोळ्यासमोर येते. दुसरं काही सुचतंय का?

--

आधी 'शिक्षण' काढा, यात कुणी शिकवतंय असं नाही, माणूस स्वतः शिकतो, तेव्हा 'अध्ययन' किंवा सरळ 'शिकणं'. आणि परिवर्तनापेक्षा मला 'रूपांतर' बरं वाटतं. प्रौढशिक्षणाचा अभ्यासक जॅक मेझिरोने 1978 मध्ये ही कल्पना मांडली ती बऱ्याच वर्षांनी कॉलेजात परत आलेल्या बायकांच्या अभ्यासावरून, त्या नुसते विषय शिकल्या नाहीत तर आपल्याला काय झेपतं, बाईने काय करायचं असतं हे जे कधी न तपासता धरून चालल्या होत्या तेच तपासायला लागल्या. माहिती वाढणं वेगळं आणि जिच्यातून बघतो ती चौकटच बदलणं वेगळं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट केगनने पुढे विचारलंच, की नेमकं कोणतं रूप बदलतं?

--

पण रूपांतर म्हटलं की कादंबरीचं नाटक केलं असं वाटतं हो. 'दृष्टिपालट' कसा?

--

फार छान शब्द, पण अर्धाच पुरेल. मेझिरोचा भर तर्कावर, चिकित्सेवर, तिथे चालेल. नंतरच्या अभ्यासकांपैकी जॉन डर्क्सने भावना आणि कल्पनाशक्ती पुढे आणली, नुड इलेरिस म्हणतो बदलते ती माणसाची ओळख, तिथे नुसती दृष्टी अपुरी पडते. आणि आढाव्यात हे नक्की घ्या, 2012 मध्ये मायकेल न्यूमनने असं वेगळं शिकणं मुळात असतं का यावरच शंका घेतली, मग 2016 मध्ये चॅड होगनने बदल किती खोल, किती व्यापक, किती टिकाऊ हे बघायला सांगितलं. मला टिकाऊपणाचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बरेचसे अभ्यास एकदाच मुलाखत घेऊन केलेले, बदललेला माणूस मागे वळून आपली गोष्ट सांगतो आणि ती आपसूक सुसंगत होते, त्याच माणसांना वर्षानुवर्षं पुन्हा भेटणारं काम खूप कमी.

--

पटलं, 'रूपांतरकारी अध्ययन' घेते. डिसओरिएंटिंग डिलेमाला, म्हणजे जुनी चौकट पुरेनाशी होऊन हे शिकणं जिथून सुरू होतं त्या प्रसंगाला, 'धक्का' चालेल?

--

नको, 'पेच' लिहा. नोकरी जाणं, आजारपण असं एकदम काही होतं तेव्हा धक्का ठीक, पण कितीदा तो हळूहळू साचत येतो.