ध्रुवचा ‘ड्रू’ झालाय, काय करू?

ओहायोची_आई
कोलंबसजवळच्या एका उपनगरात तीन वर्षांपूर्वी घर घेतलं. गल्लीत आम्हीच तेवढे देशी, बाकी सगळे गोरे. ध्रुव दुसरीत आहे. शाळेच्या पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, “ड्रू म्हटलं तर चालेल ना?” मी हसून हो म्हटलं. चूक माझीच. पालकसभेत सल्ला मिळाला की घरी इंग्रजीच बोला, वाचन सुधारेल. मग दिवाळीच्या आकाशकंदिलावर एचओएची (वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेची) चिठ्ठी आली, सजावट नियमात बसत नाही म्हणून. समोरच्यांच्या अंगणात तेव्हा हॅलोविनचा बारा फुटी सांगाडा उभा होता!

तेही सोडून दिलं असतं. पण सोमवारी बस स्टॉपवर “डबा घेतलास का रे?” म्हटलं, तर हा हळूच म्हणाला, “आई, नॉट हिअर.” नवरा म्हणतो, आपणच आलोय इथे, त्यांनी नाही बोलावलं. (त्याच्या कंपनीनेच व्हिसा काढून बोलावलं होतं, पण ते असो.)

सम्या_डॅलस
ताई, एवढं मनावर घेऊ नका. मी घरी समीर, ऑफिसात सॅम. पगार एकाच खात्यात येतो.

बोलकी_बाहुली
मी स्पीच थेरपिस्ट आहे. दोन भाषांमुळे मूल गोंधळतं हा समज जुना आहे, तसं होत नाही. बाईंना नेमकं विचारा: त्याला अक्षरं जुळवताना अडतं की अर्थ लावताना? घरी मराठीतच भरपूर गप्पा मारा, गोष्टी सांगा.

एडिसनची_काकू
अगं, आम्ही १९७८ साली आलो. शेजारी यायचे असले की आदल्या दिवसापासून फोडणी बंद. लेकीशी इंग्रजीच बोललो, तिला कुणी हसू नये म्हणून. माझी आई शेवटच्या आजारात इथे होती, फक्त मराठी बोलायची. लेक तिचा हात धरून बसे आणि दर वाक्याला माझ्याकडे बघे, आजी काय म्हणतेय म्हणून. सगळं मला नाही सांगता आलं.

आणि समीर, तुझ्यासाठी. वैष्णोदास बगाई १९१५ मध्ये बायकोमुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला आले. सुटाबुटात राहिले, दुकान काढलं, १९२१ मध्ये नागरिक झाले. बर्कलीत घर घेतलं, तर शेजाऱ्यांनी आत पाऊल टाकू दिलं नाही. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने ठरवलं की हिंदुस्थानी माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून तो अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही. बगाईंचं नागरिकत्व गेलं, १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. सांग, आणखी काय बदलायचं राहिलं होतं त्यांचं? आता त्याच बर्कलीत त्यांच्या पत्नीच्या नावाचा रस्ता आहे, कला बगाई वे.

नावाचं ध्रुवलाच विचार गं. आपण आपसातच ठरवतो.

सम्या_डॅलस
काकू, हे माहीत नव्हतं. (सॅम मात्र राहू देतो, व्हिजिटिंग कार्डं छापलीयत.)

ओहायोची_आई
विचारलं. शाळेत ड्रूच हवंय, मित्रांना तेच जमतं म्हणे. घरी ध्रुव. बस स्टॉपवर मराठी चालेल, पण हळू. बाईंना ईमेल केली की घरात मराठीच राहील, वाचनाचं काय अडतंय ते कळवा. उत्तर यायचंय. कंदील दिवाणखान्याच्या खिडकीत आतून टांगलाय, रस्त्यावरून छान दिसतो. समोरच्या सांगाड्याला आता सांताची टोपी घातलीय.